उन्हाळ्यात टर्बाइन लोड धरत नाही: दोष उन्हाचा की कंडेन्सरचा?

खानदेशातल्या साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांत आणि छोट्या कॅप्टिव्ह पॉवर प्लांटमध्ये दर उन्हाळ्यात येणारी ही तक्रार आहे. गाळप संपतं, साठवलेल्या बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) टर्बाइन पूर्ण कंडेन्सिंगला, म्हणजे सगळी वाफ कंडेन्सरमध्ये गोठवून पाणी करत, चालू राहतं आणि एप्रिलच्या मध्यापासून लोड घसरायला लागतो. तासाला ५० टन वाफेवर १३ मेगावॅट देणारं मशीन तेवढ्याच वाफेत साडेबारावर येतं. एक्झॉस्टचं, म्हणजे टर्बाइनमधून कंडेन्सरकडे सुटणाऱ्या वाफेचं, तापमान ४५ वरून ५३-५४ ला जातं, लो व्हॅक्यूमचा अलार्म अधूनमधून वाजतो, आणि लॉगबुकात शेरा पडतो: ‘अँबियंट टेंपरेचर हाय’. पावसाळ्यात मशीन बंद, ऑक्टोबरात ओव्हरहॉल, पुढच्या एप्रिलला तोच शेरा.

हा शेरा बहुतेक वेळा चुकीचा असतो. कूलिंग टॉवरवर चालणाऱ्या कंडेन्सरला हवेचं कोरडं तापमान फारसं कळतच नाही, त्याला कळतं ते वेट बल्ब, म्हणजे ओली वात गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणारं तापमान. आणि खानदेशातला मे महिना कडक असला तरी कोरडा असतो. हवा ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तेव्हा वेट बल्ब येतो साधारण २५. आर्द्रता १५ टक्क्यांवर उतरली तर २३ च्या आसपास. जुलैत हवा ३० अंशांवर आलेली असते, पण आर्द्रता ८० टक्के, म्हणजे वेट बल्ब २७. माठातलं पाणी मे महिन्यात गार लागतं आणि जुलैत लागत नाही, तोच हिशेब. तेव्हा टॉवर आणि कंडेन्सर धड असतील तर मे मधला व्हॅक्यूम जुलैपेक्षा वाईट असायचं कारण नाही. तो वाईट असेल तर मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय, आणि ते शोधता येतं.

मग ही तक्रार एप्रिलमध्येच का येते?

कारण त्याच सुमारास कंडेन्सरवरचा बोजा दुपटीहून जास्त वाढतो. सीझनमध्ये टर्बाइनला तासाला १०० टन वाफ गेली तरी त्यातली ८० टन एक्स्ट्रॅक्शनमधून (टर्बाइनच्या मधूनच काढून) प्रोसेसला जाते, कंडेन्सरला उरते २०. गाळप बंद झालं की एक्स्ट्रॅक्शन बंद आणि कंडेन्सरला थेट ५० टन. २० टनांवर पाण्याचं तापमान जेमतेम ३ अंशांनी वाढतं, ५० टनांवर ८ अंशांनी. ट्यूबवर खपली चढलेली असली तरी २० टनांवर ती दोन-तीन अंशांत लपून जाते. नोव्हेंबर ते मार्च कंडेन्सर हळूहळू घाण होत असतो, कुणाला पत्ता लागत नाही, आणि एप्रिलमध्ये पूर्ण बोजा आला की सगळं एकदम उघडं पडतं. ऊनही नेमकं त्याच आठवड्यात वाढतं, म्हणून आळ उन्हावर.

म्हणून सीझनमधल्या व्हॅक्यूमशी ऑफसीझनच्या व्हॅक्यूमची तुलना करू नका. तुलना करायची तर गेल्या वर्षीच्या त्याच कंडेन्सिंग फ्लोशी करा.

आधी गेज खरं बोलतोय का ते बघा

अनेक ठिकाणी पॅनलवर व्हॅक्यूम मिलिमीटर पाऱ्यात दिसतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी. पण बाहेरची हवाच बदलते. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटरवर आहे, तिथे हिवाळ्यात हवेचा दाब ७४५ मिमीच्या आसपास असतो आणि मे महिन्यात ७३६ च्या. कंडेन्सरमधला खरा दाब तोच राहिला तरी गेजवर ८-१० मिमी ‘पडल्याचं’ दिसणार. १० मिमी म्हणजे ०.०१३६ एटीए (शून्य दाबापासून मोजलेले किलो प्रति चौरस सेंटिमीटर), आणि ०.१० एटीएच्या सुमारास तेवढ्याने अडीच अंशांचा फरक वाटतो. अर्धी लढाई इथेच हरली जाते: गेज ७६० धरून वाचलं की कंडेन्सर उगीचच आजारी ठरतो.

अ‍ॅब्सोल्यूट प्रेशरचा ट्रान्समीटर वापरा आणि त्याची एक्झॉस्टच्या तापमानाशी गाठ घाला. हे आकडे पॅनलजवळ चिकटवून ठेवा:

०.०८ एटीए: ४१.२ अंश
०.०९ एटीए: ४३.४
०.१० एटीए: ४५.४
०.१२ एटीए: ४९.०
०.१५ एटीए: ५३.६
०.१८ एटीए: ५७.४
०.२० एटीए: ५९.७

चांगल्या लोडवर एक्झॉस्ट तापमान आणि या तक्त्यातला आकडा यांत एक-दीड अंशाहून जास्त फरक नको. ट्रान्समीटर ०.१४ दाखवतोय आणि एक्झॉस्ट ४६ अंशांवर आहे, असं असेल तर कंडेन्सर ठीक आहे, इंपल्स लाइन (ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणारी बारीक नळी) तपासा. ही लाइन कंडेन्सरकडे सलग उतरती हवी. मध्ये कुठे पोट पडलं असेल तर तिथे पाणी साचतं, आणि १० सेंटिमीटर पाणी म्हणजे ७ मिमी पाऱ्याची चूक. फार कमी लोडवर मात्र ही गाठ बसत नाही, शेवटच्या ब्लेडिंगमध्ये वाफ घुसळून तापते आणि एक्झॉस्ट मुळातच जास्त दाखवतो.

चार वजाबाक्या

पुढचं सगळं निदान चार आकड्यांवर उभं आहे. हे चार आकडे एकाच वेळी, लोड अर्धा तास स्थिर ठेवून घ्या.

पहिला, अ‍ॅप्रोच: टॉवरमधून येणारं गार पाणी वजा वेट बल्ब. दुसरा, रेंज: कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी वजा आत जाणारं. तिसरा, टीटीडी (टर्मिनल टेंपरेचर डिफरन्स): एक्झॉस्टचं सॅच्युरेशन तापमान (त्या दाबाला वाफ गोठते ते, वरच्या तक्त्यातलं) वजा बाहेर पडणारं पाणी. चौथा, सबकूलिंग: सॅच्युरेशन तापमान वजा हॉटवेलचं (कंडेन्सरच्या तळाशी गोठलेलं पाणी साचतं तिथलं) तापमान.

वेट बल्बमध्ये पहिले तीन मिळवले की एक्झॉस्टचं तापमान येतं. समजा डिझाइनला वेट बल्ब २८, अ‍ॅप्रोच ५, रेंज ८, टीटीडी ४. बेरीज ४५, म्हणजे ०.१० एटीए. आता मे महिन्यात वेट बल्ब २४ आहे. वेट बल्ब उतरला की त्याच टॉवरचा अ‍ॅप्रोच थोडा वाढतोच, तो ७ धरा. २४, ७, ८, ४ मिळून ४३. म्हणजे ०.०९ एटीएच्याही आत यायला हवं. प्रत्यक्षात ५३ येत असेल तर हे १० अंश कुठल्या तरी एका किंवा दोन आकड्यांत बसलेले असतात. ते ज्या आकड्यात सापडतील तिथेच पाना लावायचा.

किती नुकसान होतं? ६५ किलो दाब आणि ४८५ अंशांच्या वाफेसाठी दाब ०.१० वरून ०.१५ ला गेला की दर किलो वाफेमागे उपलब्ध ऊर्जा साधारण ५० किलोज्यूलने घटते, टर्बाइनची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ४०. तासाला ५० टनांवर हे होतात सुमारे ५४० किलोवॅट, दिवसाला १३ हजार युनिट. ही घट फक्त कंडेन्सरला जाणाऱ्या वाफेवर असते. एक्स्ट्रॅक्शनमधून गेलेल्या वाफेला कंडेन्सरच्या व्हॅक्यूमशी देणंघेणं नाही.

वेट बल्ब मोबाईलच्या हवामान अ‍ॅपवरून घेऊ नका. स्लिंग सायक्रोमीटर टॉवरच्या हवा आत जाते त्या बाजूला, सावलीत फिरवा. कापडाची वात स्वच्छ आणि डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात भिजवलेली हवी. मे महिन्यात वात मिनिटभरात सुकते, त्यामुळे फिरवून थांबताक्षणी वाचा. सुकलेल्या वातीने वेट बल्ब जास्त दिसतो आणि टॉवर आहे त्यापेक्षा चांगला ठरतो.

अ‍ॅप्रोच वाढलाय: कूलिंग टॉवर

इथे खानदेशची म्हणून एक खास अडचण आहे. एप्रिल-मे मध्ये पश्चिमेकडून कोरडा, धुळीचा वारा दुपारभर वाहतो. बगॅस यार्ड टॉवरच्या पश्चिमेला असेल तर वाळलेल्या बगॅसचा भुसा थेट लूव्हरमधून (हवा आत घेणाऱ्या झडपांतून) आत जातो. टॉवरच्या बेसिनमध्ये तो आधी तरंगतो, मग भिजून बसतो, मग पंपाच्या स्ट्रेनरवर गादीसारखा चिकटतो. स्ट्रेनर चुकवून पुढे गेलेला बारीक भुसा टॉवरच्या नोझलमध्ये अडकतो. शेजारी जिनिंग असेल तर कापसाची लिंटही हेच करते. यार्डाच्या टॉवरकडच्या कडेला उंच ग्रीन नेट आणि बगॅसच्या ढिगावर संध्याकाळी पाण्याचा हलका फवारा, एवढ्यानेही बराच फरक पडतो. स्ट्रेनर दोन हवेत, एक वर काढून धुताना दुसरा जागेवर.

टॉवर तपासताना फॅन डेकवर चढून खालचं पाणी बघा. प्रत्येक नोझलचा छत्रीसारखा फवारा दिसायला हवा. एखादं नोझल गळून पडलं असेल तर तिथे जाड धार पडते आणि तेवढ्या भागातलं फिल (पाणी पसरवणारी जाळी) वाया जातं. फिलमध्ये चिखल आणि खपली असेल तर ते वजनाने खाली झुकलेलं दिसतं. हाताने तुकडा तोडून बघा, खपलीवर सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला आणि जोरात फेस आला तर चुना, नुसता गाळ असेल तर फेस येत नाही.

फॅनचे अँपिअर डिझाइनच्या १५-२० टक्के खाली असतील तर ब्लेडचा कोन पडलाय किंवा बेल्ट घसरतोय. कोन बदलताना सगळ्या ब्लेडचा सारखा ठेवा, अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको, नाहीतर गिअरबॉक्स कंप पावायला लागतो. मोटरच्या पूर्ण लोड अँपिअरच्या वर जाऊ नका. ड्रिफ्ट एलिमिनेटर (हवेबरोबर उडणारे थेंब अडवणाऱ्या पट्ट्या) धुळीने बुजले असतील तर ब्लेडचा कोन कितीही वाढवा, हवा येणार नाही.

एक गोष्ट दुपारीच कळते. वारा टॉवरच्या लांबीला आडवा वाहत असेल तर टॉवरचीच गरम, दमट हवा वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला सेलच्या (एका फॅनखालच्या कप्प्याच्या) तोंडाशी खाली येते. प्रत्येक सेलच्या तोंडाशी वेट बल्ब वेगळा मोजा. यार्डात २४ आणि तिसऱ्या सेलच्या तोंडाशी २७ असा फरक निघाला तर टॉवर दोषी नाही, हवा फिरून आत येतेय. यावर झटपट उपाय नाही. फॅन स्टॅकची उंची वाढवणं हा ऑफसीझनचा विषय.

रेंज वाढलीय: पाणी कमी पडतंय

तासाला ५० टन वाफ गोठवायला ८ अंशांच्या रेंजवर तासाला साधारण ३,३०० घनमीटर पाणी लागतं. तेवढ्याच वाफेवर रेंज ११ दिसली तर पाणी २,४०० वर आलंय, फ्लोमीटर काहीही म्हणो.

पंपाचा डिस्चार्ज प्रेशर आणि अँपिअर एकत्र वाचा. प्रेशर वाढलाय आणि अँपिअर उतरलेत तर पुढे अडथळा आहे: कंडेन्सरच्या ट्यूबशीट भुशाने बुजल्या, आउटलेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, किंवा बटरफ्लायची पिन तुटून आतली चकती अर्धवट उभी राहिलीय. बाहेरचा पॉइंटर ‘ओपन’ दाखवतो म्हणून फसू नका. प्रेशर आणि अँपिअर दोन्ही उतरले तर सक्शन बघा: संपची पातळी, भोवरा, स्ट्रेनर, झिजलेला इंपेलर. दोन पंप चालू, तिसरा स्टँडबाय असेल तर त्याचा शाफ्ट उलटा फिरतोय का बघा. उलटा फिरत असेल तर एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) पास होतोय, म्हणजे आतून गळतोय, आणि पाणी संपातच परत जातंय. व्हर्टिकल मिक्स्ड-फ्लो पंपात मात्र अँपिअरवर फार भरवसा ठेवू नका, त्यात फ्लो घटला तरी अँपिअर जवळजवळ तेवढेच राहू शकतात.

वॉटर बॉक्सच्या माथ्यावरची व्हेंट रोज एकदा उघडा. पाण्याऐवजी हवा सुसाटली तर वरच्या ट्यूबा कोरड्या आहेत.

टीटीडी वाढलाय: खपली की हवा?

सगळ्यात जास्त चुकीची कामं इथे होतात. टीटीडी ४ वरून १० ला गेला की मशीन थांबवून ट्यूब घासायला घेतात, दोन दिवसांनी चालू करतात आणि टीटीडी ९. कारण ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला हवेचा थर होता, आत खपली नव्हतीच. दोन्हींत रेंज तशीच राहते, टीटीडी वाढतो. फरक ओळखायचे तीन मार्ग आहेत, तिन्ही मशीन चालू ठेवून.

स्टँडबाय इजेक्टर (वाफेच्या जोरावर कंडेन्सरमधली हवा खेचून काढणारं उपकरण) लावा. दहा-पंधरा मिनिटांत व्हॅक्यूम स्पष्टपणे सुधारला तर हवा आहे, किंवा चालू इजेक्टर दमलाय. काहीच हललं नाही तर खपलीकडे संशय वळवा.

सबकूलिंग बघा. हॉटवेल सॅच्युरेशनपेक्षा ४-५ अंश गार असेल आणि कंडेन्सेटमधला विरघळलेला ऑक्सिजन वाढला असेल तर हवा. हॉटवेलची पातळी चढून खालच्या ट्यूबा बुडाल्या असतील तरी सबकूलिंग वाढतं, तेव्हा पातळी आधी नीट करा.

व्हॅक्यूम ड्रॉप टेस्ट. लोड ६०-७० टक्क्यांवर स्थिर करा, ट्रिपपासून पुरेसं अंतर आहे याची खात्री करा, मग इजेक्टरचा हवा खेचणारा व्हॉल्व्ह बंद करा. पहिलं मिनिट सोडून द्या, पुढची पाच मिनिटं दर मिनिटाला व्हॅक्यूम लिहा. मिनिटाला २-३ मिमीने पडत असेल तर ठीक, ५ च्या वर गेला तर गळती शोधावीच लागेल. व्हॉल्व्हजवळ माणूस उभा ठेवा आणि अलार्म वाजण्याआधी उघडा. लो व्हॅक्यूम ट्रिप बायपास करून ही टेस्ट करणं म्हणजे एक्झॉस्टचा डायफ्रॅम फुटायची वाट बघणं.

हवा ठरली तर शोध साध्यापासून सुरू करा. ग्लँड (शाफ्ट बाहेर येतो तिथलं सील) सीलिंग स्टीमचा दाब पुष्कळ मशीनवर ०.०५ ते ०.१ किलोच्या आसपास असतो, आपल्या मशीनच्या मॅन्युअलप्रमाणे तपासा. ग्लँडच्या चिमणीतून वाफेची बारीक लकेर दिसायला हवी, ती गायब असेल तर एलपी (कमी दाबाच्या बाजूची) ग्लँड हवा खातेय. त्यानंतर व्हॅक्यूम ब्रेकर आणि अ‍ॅटमॉस्फेरिक रिलीफ व्हॉल्व्हचा वॉटर सील. उन्हाळ्यात हे पाणी वाफ होऊन उडतं आणि सील कोरडा पडतो. उन्हाचा दोष म्हणायचाच तर तो इथे आहे! सीलला सतत थेंब-थेंब पाणी आणि ओव्हरफ्लोची नळी ठेवा. मग सीईपीच्या (कंडेन्सेट पंपाच्या) ग्लँडचं सील वॉटर, स्टँडबाय सीईपीचं आवर्जून, कारण बंद पंपाकडे कोणी बघत नाही. हॉटवेल गेज ग्लासचे कॉक, एलपी हीटरची व्हेंट लाइन, फ्लॅश टँकला आलेल्या ड्रेन, एक्झॉस्टचा बेलो.

हीलियम डिटेक्टर मिळाला तर उत्तम: वरून खाली, एका जागी दोन-तीन सेकंद फवारा आणि इजेक्टरच्या व्हेंटवर प्रोब. नसेल तर संशयित सांध्यावर शेव्हिंग फोम लावा, तो आत ओढला जातो. मेणबत्तीची ज्योत धरायची पद्धत सोडा, टर्बाइनखाली तेलाच्या लाइनी असतात. मशीन बंद असताना कंडेन्सरचा स्टीम साइड एलपी ग्लँडच्या खालपर्यंत पाण्याने भरून बघता येतो, पण स्प्रिंगवर बसवलेला कंडेन्सर असेल तर भरण्याआधी जॅक लावलेच पाहिजेत. एवढ्या पाण्याचं वजन स्प्रिंगसाठी नसतं.

गळती नाही आणि स्टँडबाय लावून व्हॅक्यूम सुधारला, तर चालू इजेक्टर उघडा. वाफेचा दाब नेमप्लेटपेक्षा कमी असेल किंवा वाफ ओली असेल तर तो ओढणार नाही. नोझलचा घसा मोजा, क्षेत्रफळ मूळच्या ७ टक्क्यांहून जास्त वाढलं असेल तर नोझल बदला. इंटरकंडेन्सरच्या ड्रेनचा यू-सील उडाला असेल तर ओढलेली हवा तिथूनच परत आत जाते. पाइपला हात लावून कळतं: सील भरलेला असेल तर यू चा खालचा भाग जेमतेम कोमट, उडाला असेल तर सगळीकडे सारखाच गरम. इजेक्टरऐवजी वॉटर रिंग व्हॅक्यूम पंप असेल तर त्याच्या सील वॉटरचं तापमान बघा. सील वॉटर ४५ अंशांवर असेल तर ०.१० एटीएच्या खाली तो पंप कधीच ओढू शकत नाही, पाणीच आत उकळायला लागतं. त्याचा छोटासा प्लेट कूलर चोक होणं हे उन्हाळ्यातलं नेहमीचं कारण, आणि त्याला अर्धा दिवस पुरतो.

खपली ठरली तर

ती का चढली ते पाण्याच्या हिशेबात आहे. ३,३०० घनमीटर फिरतं पाणी, ८ अंश रेंज, म्हणजे तासाला ४० घनमीटर पाणी वाफ होऊन जातं. पाण्याची घनता (क्षारांचं प्रमाण) मेकअपच्या, म्हणजे भर घातलेल्या नव्या पाण्याच्या, चारपट ठेवायची तर ब्लोडाउन (मुद्दाम सोडून दिलेलं पाणी) तासाला १३ घनमीटर हवा, आठपट चालवायची तर ६ पुरेसा. मार्चनंतर नदीचं पाणी कमी होतं, बोअरवर भिस्त वाढते. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी मुळात जड, त्यात पाणी वाचवायला ब्लोडाउन पिळून बंद केला जातो. सहा आठवडे असं चाललं की चुना ट्यूबवर बसतो, आणि तो बसतो पाणी सगळ्यात गरम असतं त्या टोकाला, म्हणजे शेवटच्या पासमध्ये (पाण्याच्या शेवटच्या फेरीच्या ट्यूबांत). वॉटर बॉक्स उघडल्यावर पहिल्या पासच्या ट्यूबा चकचकीत दिसल्या म्हणून झाकण लावू नका.

घनता फक्त टीडीएसवर (एकूण विरघळलेल्या क्षारांवर) मोजू नका. क्लोराइडवर मोजत असाल तर हायपो (जंतुनाशक क्लोरीन) डोसिंगने क्लोराइड वाढतं, ते लक्षात ठेवा. कॅल्शियम हार्डनेस, मॅग्नेशियम हार्डनेस आणि सिलिका यांची मेकअपशी पटही काढा. हायपोचा हिशेब धरूनही क्लोराइडने घनता ६ आणि कॅल्शियमने ४ येत असेल तर हरवलेलं कॅल्शियम ट्यूबवर किंवा फिलवर बसतंय, हे सरळ गणित आहे.

साखर कारखान्यांत आणखी एक सवय असते: पाणी कमी पडलं की इव्हॅपोरेटरचं जादा कंडेन्सेट कूलिंग टॉवरला मेकअप म्हणून सोडायचं. हे पाणी मऊ असतं, त्यामुळे चुना वाढत नाही, पण त्यात अमोनिया आणि साखरेचा अंश येतो. साखरेवर जिवाणू पोसतात, ट्यूबमध्ये बुळबुळीत थर चढतो, आणि हा शेवाळी थर पातळ असूनही चुन्याइतकाच उष्णता अडवतो. अमोनिया पितळी ट्यूबांना तडे देतो. असं पाणी घ्यायचंच असेल तर दर शिफ्टला अल्फा नॅफ्थॉलची साखर चाचणी करा, जांभळी रेघ दिसली की ते पाणी गटारात. सीझन संपताना टॉवर बेसिन एकदा पूर्ण रिकामं करून गाळ काढणं हे या सगळ्यावरचं स्वस्त औषध आहे.

बुळबुळीत थर नायलॉन ब्रश किंवा रबर बुलेट पाण्याच्या दाबाने सोडून निघतो. वॉटर बॉक्स दोन भागांत असेल तर लोड निम्म्यावर आणून एक बाजू बंद करून मशीन चालू असतानाच साफ करता येते, फक्त त्या बाजूची एअर एक्स्ट्रॅक्शन लाइनही बंद करा, नाहीतर न गोठलेली वाफ इजेक्टरकडे जाते. चुन्यासाठी ब्रश चालत नाही, इनहिबिटर घातलेलं सल्फॅमिक अ‍ॅसिड ५ टक्क्यांच्या आसपास फिरवावं लागतं. वॉटर बॉक्सची व्हेंट उघडी ठेवा, कारण कार्बन डायऑक्साइड भरपूर निघतो. पीएच वाढायचा थांबला की चुना संपला असं नाही, अ‍ॅसिडची ताकद मोजा: सलग दोन-तीन नमुन्यांत ती घटली नाही की थांबा. स्टेनलेस स्टीलच्या ट्यूबांना हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लावू नका, खड्डे पडतात आणि पुढच्या सीझनला हॉटवेलची कंडक्टिव्हिटी चढते. बॉल क्लीनिंग (ट्यूबमधून रबरी बॉल फिरवणं) असेल तर बॉल ट्यूबच्या आतल्या व्यासापेक्षा १-२ मिमी मोठे हवेत. झिजलेले बॉल फिरतात खरे, घासत नाहीत.

व्हॅक्यूम चांगला, तरी लोड कमी

मेन स्टीमचं तापमान बघा. १० अंश कमी आलं तर तेवढ्याच वाफेत साधारण १ टक्का वीज कमी मिळते. ते ठीक असेल तर व्हील चेंबरचा (पहिल्या ब्लेडिंगनंतरच्या कप्प्याचा) दाब गेल्या वर्षीच्या तेवढ्याच फ्लोशी ताडून पाहा. दाब वाढलेला असेल तर ब्लेडवर क्षार किंवा सिलिका बसलीय आणि डीएम प्लांट व ड्रम यांची चौकशी करावी लागेल. दाब कमी झाला असेल तर झीज. ड्रेन व्हॉल्व्ह पास होतात का हे मात्र आजच तपासा, व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप इन्फ्रारेड गनने मोजा, कंडेन्सरकडे जाणारी गरम ड्रेन म्हणजे काम न करता गेलेली वाफ. आणि कधी कधी टर्बाइनचा काहीच दोष नसतो, जनरेटरचे एअर कूलर घाण झाल्याने वाइंडिंगचं तापमान चढतं आणि ऑपरेटर लोड स्वतःच धरून ठेवतो.

एअर कूल्ड कंडेन्सर असेल तर

वरचं वेट बल्बचं गणित तुम्हाला लागू नाही. तिथे कोरडं तापमानच राज्य करतं, आणि ४५ अंशांच्या दुपारी लोड उतरणारच. तरी तो किती उतरावा याला मर्यादा आहे. सॅच्युरेशन तापमान वजा बाहेरची हवा हा फरक सकाळी सहाला आणि दुपारी तीनला, सारख्याच वाफेवर आणि फॅनच्या सारख्याच वेगावर मोजा. दोन्ही वेळी जवळजवळ सारखा आला तर दोष हवेचा. दुपारी तो ४-५ अंशांनी वाढत असेल तर पश्चिमेचा वारा कडेच्या फॅनची हवा मारतोय किंवा गरम हवा खाली फिरतेय. दोन्ही वेळी डिझाइनपेक्षा जास्त येत असेल तर फिनमध्ये धूळ, भुसा, लिंट अडकलीय. ती फॅनच्या उलट दिशेने, म्हणजे वरून खाली, पाण्याच्या जेटने धुवा. जेट फिनला काटकोनात धरा, तिरका धरला की अ‍ॅल्युमिनियमची फिन आडवी पडते आणि ती जागा कायमची बंद होते. थंडाव्यासाठी फिनवर बोअरचं पाणी फवारू नका. पंधरा दिवस लोड वाढलेला दिसेल, नंतर फिनांवर चुन्याचा पांढरा थर बसेल आणि तो जेटने निघणार नाही. फवारायचंच असेल तर डीएम किंवा आरओचं पाणी, आणि तेही फॅनच्या खाली, हवेत.